उसना हात

शाल्मली गुरवचा उजवा हात परत आला तो अंगठ्यापासून. आणि आल्या आल्या त्याने काय करावं, तर मिठाची चिमूट धरली, कानाशी काही ऐकायला न्यावी तशी जरा वर उचलली आणि वरणाच्या वाटीत दोनदा झटकून सोडली.

शाल्मली बघतच राहिली. तिने जन्मात असं मीठ घातलं नव्हतं. ती चमच्याने घालायची, नाहीतर आळणीच खायची. चिमूट कानाशी नेऊन झटकायची ही आईची लकब.

"आई, बघितलंस?"

रत्नमालाबाईंनी परातीतून मान वर केली. पाच आठवडे जो हात ओल्या फडक्यासारखा पडून होता, त्याची तीन बोटं मिठाने पांढरी झाली होती. त्यांचे डोळे भरून आले. पण गुरवाच्या घरची बाई, देवासमोरसुद्धा डोळे पुसायच्या आधी काम आटपणारी. त्या म्हणाल्या, "हलला गं बाई. पण मीठ जास्त पडलं."

जानेवारीच्या सहा तारखेला होस्टेलची अडकलेली खिडकी शाल्मलीने मुठीने ठोकली आणि काच फुटून मनगटात गेली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट चालवणारी नस सुरीने कापावी तशी कापली. शाल्मली दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला. लेखी पेपर डिसेंबरात झाले होते, प्रात्यक्षिक सोळा मार्चला. मोठ्या शहरांतून दात कोरायला यंत्राचे हात आले होते खरे. पण वीज गेली, यंत्र अडलं, तर डॉक्टरला स्वतःच्या हाताने काम यायला हवं, म्हणून परीक्षा अजून हाताचीच होती. आणि हात तर गळ्यातल्या झोळीत.

मिरजेच्या ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, तिथल्या डॉ. नाझनीन शिकलगार यांनी दुसऱ्या दिवशी मायलेकींना समोर बसवून सगळं सांगितलं.

"तुमच्याकडे तोंडल्याचा वेल आहे?" त्यांनी रत्नमालाबाईंना विचारलं.

"आहे की. देवळामागं."

"तो छाटला तर फुटतो ना? नस तशीच फुटते. पण एका दिवसात एक मिलिमीटर, म्हणजे डाळीच्या दाण्याएवढंही नाही. आणि कोंबाला आपला मांडव कुठला ते कळत नाही. अंगठ्याचा कोंब मधल्या बोटात शिरतो. म्हणून पूर्वी नस जोडली तरी हात मुकाच राहायचा. आम्ही कापलेल्या जागी एक सेतू बसवलाय. त्यातल्या पेशी कोंबाला खायला घालतात, तो तिप्पट वेगाने वाढतो. आणि मनगटावर हे कडं. हे कडं प्रत्येक स्नायूला बारीक इशारे देतं. कुठल्या हालचालीत कुठला स्नायू, किती जोराने, कुणाच्या मागून कोण. त्या ठेक्यात जो कोंब बसला तो टिकतो. चुकीच्या घरात शिरलेला वाळतो."

"आणि हा ठेका कुणाचा?" शाल्मलीने विचारलं.

"खरा प्रश्न तोच आहे. तुझ्या उजव्या हाताची नोंद अपघातापूर्वी कुणी करून ठेवली नाही. डाव्याची उलटी करून घातली तर चार महिने लागतील. रक्ताच्या माणसाचा, तुझ्याच मापाचा हात मिळाला तर सहा आठवडे."

आईने आपला हात लेकीच्या झोळीतल्या हाताला लावून पाहिला. बोटाला बोट, पेराला पेर.

मग कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक मोजा रत्नमालाबाईंच्या हातावर चढला. सोबत तीस हालचालींची यादी होती: पेन धरणे, चिमट्याने मणी उचलणे, नळ पिळणे. रोज दोन तास यादीतलं करायचं, की मोजा काढून ठेवायचा. रात्री मोज्यातली नोंद कड्यात जायची.

इथे रत्नमालाबाईंनी चूक केली. औषध चमचाभर सांगितलं तर दीड चमचा द्यावं, पाहुण्याला पोळी वाढताना नको म्हणाला तरी अर्धी टाकावी, अशा हाताची ती बाई. दोन तास यादी केल्यावर त्यांना वाटे, एवढ्याशाने लेकराचा हात कसा भरायचा? त्यांनी मोजा काढलाच नाही. मोज्यासकट भाकरी थापली, देवळाची भांडी घासली, मोज्यासकट ओसरीवर बसून फुलवाती वळल्या. महादेवाच्या देवळाची पूजा त्यांच्याकडे होती, आणि वाती मिरजेतल्या चार दुकानांत जात. वाती वळताना त्या पुटपुटत:

*कापसाच्या पेळूमधी वात निघे सुताची,*
*शिकणाऱ्या लेकीपुढं ज्योत माझ्या हाताची.*

ह्या वातींपायी शाल्मली शाळेत असताना पोरी तिला 'कापूसवाली' म्हणायच्या. होस्टेलवर राहायला जायचा हट्ट तिने त्याचमुळे धरला होता. घरापासून कॉलेज सायकलने वीस मिनिटांवर, तरी.

मीठ घातलं त्यानंतर हात धावतच सुटला. शाल्मली होस्टेलवर परतली, सकाळ-संध्याकाळ प्लास्टरमध्ये बसवलेल्या दातांवर ड्रिल चालवू लागली. आठवडाभरात हात पूर्वीपेक्षा हलका झाला. बारीक काम तो असं करी, की शेजारच्या टेबलावरची पोरं बघायला येत. पण कामापलीकडे त्याचे स्वतःचे उद्योग होतेच. मेसमध्ये ताट पुढ्यात आलं, की तो ताटाची कड पुसून घेई. मैत्रीण शिंकली, की तो तिच्या कपाळाला लागे. एकदा प्राध्यापकांच्या शर्टावरचा दोरा त्याने उचलला, आणि शाल्मलीला वाटलं जमीन दुभंगावी. स्वतःच्याच घरात कुणी पाहुणं येऊन राहावं, आणि ते पाहुणं सगळ्यांना आपल्यापेक्षा जास्त आवडावं, असं तिचं झालं. चैन म्हणून पडेना. झोपताना ती उजवा हात उशीखाली दाबून ठेवी.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात शेजारच्या मुलीने विचारलं, "काय वळतेस गं मघापासून?"

शाल्मलीने खाली पाहिलं. बाकावर हात उताणा पडला होता, आणि अंगठा तर्जनीवर फिरत होता. फिरत होता, थांबत नव्हता. चिमटीत काही नसताना.

ती तास सोडून घरी आली.

"तू मोजा घालून वाती वळल्यास."

रत्नमालाबाई अंगणात कापूस वेचत होत्या. "वळल्या असतील."

"असतील काय? यादीत वाती होत्या? बघ हा हात. रिकामा ठेवला की वळायला लागतो. अडीच आठवड्यांत मला माणसाच्या तोंडात ड्रिल घालायचंय, आणि माझा हात तुझं दुकान चालवतोय."

"काम करताना हलतो?"

"नाही."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि पाटी उचलून आत गेली. जरा जास्तच घाईने गेली. पण हे शाल्मलीला पुढे आठवलं, तेव्हा नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. शिकलगारांनी मोज्याच्या नोंदी पडद्यावर काढल्या. दिवस संथ लाटांसारखे सरकत गेले. ही भाकरी, रुंद आणि गोल. हे भांडी घासणं.

"आणि ह्या वाती," डॉक्टर म्हणाल्या. "एक वळ, मग थांबणं, परत एक वळ. सावकाश. आता हे बघ." त्यांनी दुपारचा एक तुकडा मोठा केला. करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटली. "एका सेकंदात पाच फेरे. ह्या वेगाने वाती वळल्या असत्या, तर तुमच्या दारात कारखाना उभा राहिला असता. आणि गंमत बघ, त्यांनी कापूस उचलला की हे थांबतं. हात मांडीवर ठेवला की सुरू."

शाल्मलीला तिसऱ्या वर्षाला वैद्यकाचा एक पेपर होता. बसल्या हाताचं कंपन, चिमटीत गोळी वळल्यासारखं. पाच मार्कांचा प्रश्न. तिने तो पाठ केला होता.

"पार्किन्सन," ती म्हणाली.

"मला तसं वाटतं. तपासल्याशिवाय मी शब्द उच्चारणार नाही. तुझ्या सेतूत काही बिघाड नाही, शाल्मली. तुला तो आजारही नाही. ही थरथर उसनी आहे."

"जाईल?"

"सेतू धुता येतो. औषध सोडायचं, सगळे कोंब वाळतात, पुन्हा पहिल्यापासून. आज धुतलं तर ही थरथर जायची शक्यता शंभरात नव्वद. तू परीक्षेनंतर आलीस तर साठ, त्यापुढे बोलायला नको, मुरलेली असेल. पण दुसऱ्या खेपेला कोंब पहिल्यासारखे जोमाने फुटत नाहीत. हात पुरता येईलच असं मी लिहून देणार नाही."

शाल्मली सायकल हाणत थेट देवळात आली. तिसऱ्या प्रहराची वेळ, ओसरीवर कुणी नव्हतं. आई खांबाला टेकून बसलेली, समोर कापसाची टोपली, चिमटीत पेळू. शाल्मली समोर बसली आणि तिने तो पेळू आईच्या बोटांतून काढून घेतला.

हात वळतच राहिला.

शाल्मलीने आपला हात त्याच्या शेजारी ठेवला. तोही वळू लागला. एका जात्याला दोघी बसाव्यात, तसे दोन्ही हात एका ठेक्यात.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"झाली दोन वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुझी एक परीक्षा संपली की दुसरी. मधे जागा कुठं होती? आणि तू डॉक्टर व्हायचीस ती दातांची. दात दुखला असता तर दाखवला असता."

"मग मोजा कशाला घातलास?"

"आई काय दुसरी आणायची होती?" मग बराच वेळ त्या टोपलीतल्या सरक्या चाचपत राहिल्या. "कामात हलत नाही गं हा. म्हटलं यादीतलं केलं, की कामाचा तेवढा हात जाईल तुझ्याकडं. मग वाटलं, थोडं अजून घालावं. अजून थोडं. बसल्यावर काढायचा राहून गेला मोजा. मला काय ठाऊक, हा मेला दुखणंसुद्धा मोजून घेतो." त्यांचा आवाज फाटला. "आजच्या आज धुऊन ये. माझं दुखणं तुझ्या हातात मला नको."

"परीक्षा?"

"सप्टेंबरात दे."

"सप्टेंबरात हात नसला तर?"

शाल्मली उठली. "कामात हलत नाही म्हणतेस ना? मग सोळा तारखेला काम करून बघते."

दंतवैद्यकाच्या परीक्षेची एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. पेशंट विद्यार्थ्याने स्वतः आणायचा. हवी ती दाढ, हवी तेवढीच किडलेली. असा माणूस सापडला, की विद्यार्थी त्याला जावयासारखा जपतो. शाल्मलीने नोव्हेंबरात एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर बाबूराव चौगुले हेरून ठेवले होते, आणि तेव्हापासून त्यांना दर रविवारी मिसळ खाऊ घातली होती.

सोळा तारखेला सकाळी बाबूराव टोपी घालून, मिशीला तेल लावून बाहेरच्या बाकावर आले. शाल्मली शेजारी बसली. तिने हात मांडीवर ठेवला आणि विसरली.

बाबूराव हाताकडे बघत राहिले. "पोरी," ते म्हणाले, "घाटातनं गाडी जाताना मी चौतीस वर्षं तिकिटं फाडली. हात कधी हलला नाही. तुझा बसल्या जागी हलतोय."

"काका, काम करताना नाही हलत. खरंच."

"आमचा एक ड्रायव्हर असंच म्हणायचा." बाबूरावांनी टोपी सारखी केली. "तुझं चांगलं होऊ दे. पण दाढ माझी आहे." आणि ते मधल्या दाराने, गाडीतून उतरावं तसे उतरून गेले.

पुकारा व्हायला वीस मिनिटं होती. शाल्मलीच्या हातात फोन, पण कुणाला करावा सुचेना. एवढ्यात रत्नमालाबाई डबा घेऊन जिना चढून आल्या. लेकीचं तोंड बघून त्यांनी मोकळ्या बाकाकडे पाहिलं.

"माझी चालंल का?"

"काय?"

"दाढ. डावीकडची. दिवाळीपासनं किडलीय."

"तू म्हणालीस, दात दुखला असता तर दाखवला असता."

"दुखत नव्हता तेवढा," आई म्हणाली, आणि पदर खोचून आत चालू लागली.

बाहेरून आलेले परीक्षक डॉ. हेर्लेकर उंच, कमी बोलणारे. त्यांनी दाढ तपासली, मान हलवली. मग त्यांची नजर शाल्मलीच्या हातावर गेली, आणि तिथून खुर्चीत आडव्या झालेल्या बाईच्या हातावर. तोही पोटावर तसाच वळत होता.

"हे काय आहे?"

"सर, हात रिकामा असला की हलतो. कामात नाही हलत."

"मी इथेच उभा राहणार. पहिल्या मिनिटात हलला, तर तिथेच थांबवीन. पेशंटसाठी, तुमच्यासाठी नाही."

शाल्मलीने आईच्या गालाशी कापसाचा बोळा बसवला, ड्रिल उचललं, अनामिका शेजारच्या दातावर टेकवली. आणि हात शांत झाला. पाण्यावरचा वारा पडावा तसा. ड्रिल किडीत शिरलं. हात भाकरीच्या कडेने फिरावा तसा दाढेच्या कडेने फिरत गेला, कुठे दाबायचं, कुठे नुसतं लागायचं, हे त्याला शाल्मलीच्या आधी कळत होतं. आईचे डोळे छताला. तिला आपलाच हात आपल्या तोंडात ओळखू येत होता की काय, कोण जाणे. एक मिनिट झालं, पाच झाली. परीक्षकांनी हाताची घडी सोडली.

खड्डा स्वच्छ झाला. शाल्मलीने पहिला थर भरला, डाव्या हाताने तो घट्ट करणारा निळ्या उजेडाचा दिवा धरला. वीस सेकंद धरायचा. आणि त्या वीस सेकंदांत उजव्याला काम नव्हतं. तो ट्रेच्या कडेवर टेकला, आणि ट्रेमधली हत्यारं किणकिणू लागली. बारीक, भरभर, दूरवरून बैलगाडी यावी तशी. तीन टेबलांपलीकडे माना वळल्या. डॉ. हेर्लेकरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग ट्रेकडे. एक पाऊल पुढे आले.

तोंड उघडं, जीभ बोळ्यांनी दाबलेली. बाईला बोलता येईना. तिने कमरेला हात घातला, कनवटीतून कापसाचा एक पेळू काढला आणि न बघता लेकीच्या तळव्यात ठेवला. बोटं मिटली. किणकिण थांबली.

वीस सेकंद संपले.

"ग्लोव्ह बदला," डॉ. हेर्लेकर म्हणाले. "तो कापूस बाहेरचा आहे."

"हो सर."

"आणि पुढच्या थराला ट्रेमधला बोळा घ्या हातात." ते खुर्चीशी वाकले. "तुम्ही आई का हिच्या?"

रत्नमालाबाईंनी उघड्या तोंडाने मान डोलावली.

शेवटी परीक्षकांनी टोकदार सळई भरलेल्या दाढेवरून चहूबाजूंनी फिरवली. दोनदा फिरवली. "कड कुठे लागत नाही," एवढंच म्हणून त्यांनी कागदावर काही लिहिलं. चार दिवसांनी निकाल लागला, तेव्हा शाल्मलीच्या नावापुढे उत्तीर्ण होतं.

त्याच दुपारी मायलेकी डॉ. शिकलगारांपुढे बसल्या होत्या. रत्नमालाबाईंच्या तपासण्या झाल्या होत्या. गोळ्यांची चिठ्ठी तयार होती. सेतू धुण्याचा कागदही तयार होता. सही व्हायची होती.

"कर सही," आई म्हणाली. "साठ तर साठ. मी गोळ्या घेते, तू धुऊन घे. एकाच दिवशी."

शाल्मलीने डॉक्टरांना विचारलं, "आईचा हात पुढे कसा होईल?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, आईने मानेने हो म्हटलं, तेव्हा त्या बोलल्या. "गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातील. पण हळूहळू आखडेल. बारीक कामं आधी जातात. वाती, भाकरी. एके दिवशी ह्या हाताला आपलंच वळण आठवणार नाही."

"आणि माझा?"

"तुझ्यात आजार नाही, नुसता नमुना आहे. तो वाढणार नाही. ह्या जानेवारी-फेब्रुवारीत आईचा हात जसा होता, तसा तुझ्याकडे राहील. मिठासकट. थरथरीसकट. एक ठेवून दुसरं काढायची सोय आमच्याकडे नाही."

शाल्मलीने कागद घडी करून परत दिला.

रत्नमालाबाई दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. गोळ्या मात्र घेतल्या. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीआधी शाल्मली ओसरीवर येऊन बसली, टोपलीपलीकडे. पायाशी तिची होस्टेलवरून आणलेली ट्रंक. हात मांडीवर पडला आणि सुरू झाला.

"पेशंट पळतील," आई म्हणाली. बोलणं तिथून सुरू झालं.

"पळणारे पळतील. एक तर पळालाच."

"नवरा पळंल."

"त्याचे दात आधी बघून घेईन."

आईला हसू आवरेना. तिने टोपलीतून एक पेळू तोडला आणि लेकीच्या चिमटीत दिला. "रिकामा ठेवू नको बघ. एवढं केलंस की कुणाला कळत नाही. दोन वर्षं तुला कळलं का?"

शाल्मलीची बोटं कापसावर भरभर फिरू लागली, एका सेकंदाला पाच. आईने आपला हात त्यावर ठेवला. "अशी नाही. हळू. एक वळ, मग थांब." आणि सवयीने पुटपुटू लागली. पहिली ओळ तीच होती. दुसरीशी ती अडखळली, आणि मग वेगळीच म्हणाली:

*कापसाच्या पेळूमधी वात निघे सुताची,*
*लेकीच्या गं हाताला सय माझ्या हाताची.*

दोन हातांमधून वात बाहेर आली. शाल्मलीने ती उजेडात धरली. एकीकडे जाड, एकीकडे दोऱ्यासारखी.

"वाकडी झाली," ती म्हणाली.

"होऊ दे," आई म्हणाली. "ठेव इकडं. आज तीच लावू."